सामाईक तास आधी बसवा : संगीत विद्यालयांच्या संचालकांना खुले पत्र

संगीत विद्यालयांचे संचालक, विश्वस्त आणि व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या सत्राचं वेळापत्रक आखायला तुम्ही बसाल त्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं, म्हणून आत्ताच लिहिते आहे. मी गाणं शिकवते. वेगवेगळ्या विद्यालयांत शिकवलं आहे आणि सगळीकडे एकच गोष्ट होताना पाहते आहे. वर्गांचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पडत चाललेत. एक विद्यार्थी, एक शिक्षक, एक बंद खोली. चारला आलेला मुलगा साडेचारला बाहेर पडतो, दारात उभी असलेली मुलगी आत शिरते, आणि वर्षानुवर्षं त्याच दारातून ये-जा करूनही दोघांना एकमेकांची नावं माहीत नसतात. मागे मी एका विद्यालयात होते. तिथे आठवड्याला एक तास सगळ्यांचा एकत्र असायचा, आणि महिन्याअखेरीला घरातल्या घरात गाण्या-वाजवण्याची सभा व्हायची. एका सत्रात दोन्ही बंद झालं. मोठ्या खोलीत मधे भिंत घालून दोन वर्ग काढले. कारण सांगितलं गेलं की पालकांना वैयक्तिक लक्ष हवं असतं आणि रिकामा हॉल परवडत नाही. पुढच्या सत्रापासून थोडी जाणती झालेली मुलं एकेक करून गळायला लागली. जाताना कुणी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाली, की आता घरीच करतो.

माझं म्हणणं साधं आहे. विद्यार्थी एकमेकांच्या सोबतीने जे शिकतात ते कितीही चांगल्या शिक्षकाला एकट्याने शिकवता येत नाही. म्हणून वेळापत्रकात तो सगळ्यांचा सामाईक तास आधी बसवा, आणि बाकीचे वर्ग त्याच्या आजूबाजूला.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. सोबतीने नेमकं काय शिकलं जातं, ते सांगते.

तानपुरा लावण्याचंच घ्या. नवख्या विद्यार्थ्याला जोडाच्या, म्हणजे मधल्या, दोन तारा एकसारख्या लावायच्या असतात. मी त्याला 'उतरलीय', 'चढलीय' असं सांगत राहिले तर तो खुंटी फिरवतो, पण ऐकत नाही. माझ्या तोंडाकडे बघत बसतो. तेच काम वरच्या वर्गातल्या मुलीवर सोपवलं की चित्र बदलतं. ती त्याच्या शेजारी मांडी घालून बसते, दोन्ही तारा छेडते आणि म्हणते, "बोलू नकोस, नुसतं ऐक." दोन तारांत किंचित फरक असला की नाद हेलकावे खातो, लहान होतो, मोठा होतो. एक तार 120 हर्ट्झवर (सेकंदाला 120 कंपनं) आणि दुसरी 122 वर असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. ती तारेत ओवलेला मणका केसभर सरकवते. हेलकावे मंदावतात, लांबतात, आणि एका क्षणी दोन तारांची एकच तार होते. आता ती मुद्दाम तार बिघडवते आणि मणका त्याच्या हातात देते. गेल्या वर्षी याच जागी ती अडली होती, त्यामुळे याचं कुठे अडतंय ते तिला माझ्यापेक्षा लवकर कळतं. त्या दहा मिनिटांत तो ऐकायला शिकतो, आणि तिने आजवर नुसतं हाताने केलेलं काम तिला पहिल्यांदाच शब्दांत मांडावं लागतं. फायदा दोघांचा झाला, आणि मी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात होते.

व्हेनिसमधल्या ओस्पेदाले देल्ला पिएता या अनाथाश्रमात 1703 साली संगीतकार अंतोनिओ विवाल्डी व्हायोलिनचे शिक्षक म्हणून लागले. तिथल्या मुलींचं गायन-वादन ऐकायला युरोपभरचे प्रवासी येत. त्या संस्थेची घडणही अशीच होती : जाणत्या झालेल्या मुली धाकट्यांना शिकवायच्या आणि मग सगळ्या एकत्र वाजवायच्या. विवाल्डींचं नाव राहिलं ते योग्यच आहे. पण एका माणसाने इतक्या मुलींना घडवलं, असं समजणं त्या मुलींवर अन्याय करणारं होईल.

आपल्याकडचा दाखला तर विद्यालय या कल्पनेच्या मुळाशीच आहे. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर गाणं शिकायचं तर बहुतेकदा एखाद्या उस्तादाच्या किंवा बुवांच्या घरी राहून, त्यांची मर्जी सांभाळून शिकावं लागे. पलुस्करांनी ते वर्गात आणलं. लोकांच्या पाठिंब्यावर शाळा चालवली, पुढे 1908 मध्ये मुंबईला शाखा काढली, आणि शिक्षक तयार व्हावेत म्हणून विद्यार्थ्यांना विद्यालयातच ठेवून घेऊन शिकवलं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्यांच्याच शिष्यांतली नावं. या चौघांचं गाणं आणि काम एकमेकांपासून किती वेगळं होतं! एकाच छपराखाली, एकमेकांचा रियाज कानावर घेत वाढलेली माणसं एकसारखी होतात, अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी ही चार नावं आठवावीत.

यातल्या देवधरांनी 1925 साली मुंबईत स्वतःचं विद्यालय काढलं. तिथे लहानपणी दाखल झालेला एक विद्यार्थी म्हणजे कुमार गंधर्व. देवधर कुठल्या एका घराण्याला चिकटून राहणारे नव्हते. बडे गुलाम अली खाँ यांच्यासारखे निरनिराळ्या परंपरांचे कलाकार त्यांच्याकडे येत, बसत, गात, गप्पा होत. कुमारांनी देवधरांकडे रीतसर तालीम घेतलीच, पण त्या वास्तूत येणारे-जाणारे इतके आवाजही त्यांच्या कानांवर पडत होते. ते कुठल्या तासिकेत बसवणार? विद्यालयाचा दरवाजा उघडा होता आणि बसायला जागा होती, म्हणून ते झालं.

आणि आपण मात्र बाक काढून टाकतो. वर्गाबाहेरच्या बाकाबद्दल मला थोडं जास्त बोलू द्या, कारण त्याला कुणी शिक्षण म्हणत नाही. आधीचा वर्ग संपायची वाट पाहत बाकावर बसलेली मुलं आतलं ऐकत असतात. कधी अभ्यासाची वही पुढ्यात असते, कधी पाय हलवणं चालू असतं, पण कान आत असतात. मी एखादा नवा राग काढते आणि मुलगा पहिल्याच दिवशी त्याची पकड (रागाची ओळख पटवणारे स्वर) बरोबर म्हणतो. विचारलं की सांगतो, "ताईंच्या वर्गात ऐकलं होतं." गिटारच्या वर्गाबाहेर बसणाऱ्या मुलीला सतारीच्या खोलीतली मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ऐकू येते, आणि आपल्या तारेवर तसं होईल का म्हणून ती बोटाने तार ओढून बघते. पियानो शिकणारा मुलगा समोरच्या खोलीतला तबला ऐकत पाठांतर करतो आणि त्याची लय सुधारते. हे सगळं तुमच्या विद्यालयात फुकट होत असतं. जागेची अडचण मला समजते. पण ध्वनिरोधक दारं लावून, वेळा काटेकोर करून आणि 'वर्गापूर्वी पाच मिनिटांहून आधी येऊ नये' अशी पाटी लावून आपण ते बंद करतो.

आता सभेकडे येते, कारण माझा खरा आग्रह तिच्यासाठी आहे. मी वार्षिक कार्यक्रमाबद्दल बोलत नाही. तो होतोच. त्यात निवडक मुलं असतात, पोशाख असतात, पाहुणे असतात, आणि महिनाभर एकच गोष्ट घोटून घेतलेली असते. मी म्हणते ती महिन्याची, घरातली सभा. सतरंजी अंथरायची आणि आपणच आपल्याला ऐकायचं.

अशा एका सभेतली गोष्ट. सोळा मात्रांच्या तीनतालातला छोटा ख्याल एक मुलगी म्हणत होती. साथीला तिच्याच वयाचा, तबल्याच्या वर्गातला मुलगा. बंदिशीचा मुखडा, म्हणजे परत परत येणारा सुरुवातीचा तुकडा, नवव्या मात्रेवरून उठणारा. दोन ताना छान झाल्या, तिसरी जराशी लांबली, आणि मुखड्याची जागा निसटली. तिचा चेहरा पांढरा पडला. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, कारण बहुतेकांचे हात मांडीवर ताल धरून होते. तबल्यावरच्या मुलाने काय करावं? त्याला त्या दिवशी नवीन तुकडे वाजवून दाखवायचे होते. ते त्याने बाजूला ठेवले. साधा ठेका धरला, स्वच्छ, आणि नवव्या मात्रेपासूनच्या खालीची 'तिं तिं ता' इतकी स्पष्ट वाजवली की डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा गेलेला लहानग्यांनाही कळला. मुलीने ती ऐकली. घाई केली नाही. एक आवर्तन नुसता षड्ज (सा) धरून उभी राहिली, पुढची खाली आली तसा नवव्या मात्रेवरून मुखडा उचलला आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर आली. समेला सगळी खोली एकदम "आहा!" म्हणाली. ती दाद चुकून सावरण्याला होती, आणि ती दोघांनाही होती.

ठेका देणारं यंत्र हे करू शकत नाही. ते बिनचूक वाजतं, पण तुम्ही हरवलात हे त्याला कळत नाही. ती मुलगी त्या दिवशी शिकली की चुकल्यावर कुणाचा तरी हात असतो आणि तो कानाने शोधायचा असतो. तो मुलगा साथ करायला शिकला. मी त्याला वर्गात 'गायकाकडे लक्ष ठेव' असं कितीदा सांगितलं असतं तरी समोर अडचणीत सापडलेली मैत्रीण असल्याशिवाय ते वाक्य त्याच्या हातात उतरलं नसतं.

तरीही बहुतेक विद्यालयांत गायनाच्या आणि तबल्याच्या मुलांची गाठ परीक्षेच्या दिवशीच पडते. व्हायोलिन, बासरी, कीबोर्ड शिकणारे तर वर्षानुवर्षं एकेकटेच वाजवत राहतात. एकत्र वाजवलं नाही तर दुसऱ्यासाठी आवाज कमी कधी करायचा, दुसऱ्याचा श्वास बघून सुरुवात कशी करायची, आपण गप्प राहायचं म्हणजे काय, हे कुठे शिकणार?

सभेचे काही नियम मात्र पाळावेच लागतात, नाहीतर तिचं भलतंच होतं. गुण नकोत, परीक्षक नकोत, क्रमांक तर नकोतच. मोबाइलवर चित्रीकरण नको. मूल चुकलं तर ती चूक त्या खोलीतच राहिली पाहिजे. लाजऱ्या मुलांना ढकलू नये, आधी तानपुऱ्यावर बसवावं, मग दोघांत म्हणायला द्यावं, एकट्याने म्हणायची इच्छा त्याची त्याला होईल तेव्हा. शिक्षकांनीही सभेत गावं-वाजवावं, आणि अगदी नुकतंच शिकलेलं, अजून कच्चं असलेलंही मांडावं. मुलांना आपली धडपड दिसू द्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांदेखत कुणाला रागावायचं नाही. चार जणांसमोर झालेला अपमान गळ्यात कायमचा बसतो. अशी सभा घेण्यापेक्षा न घेतलेली बरी, हे मी स्पष्टच सांगते.

वैयक्तिक लक्ष हवं हा पालकांचा आग्रह चुकीचा आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. आवाज कसा लावायचा, व्हायोलिनचा गज कसा धरायचा, बोट सतारीच्या पडद्यावर कुठे पडलं पाहिजे, हे समोरासमोर आणि एकट्यालाच शिकवावं लागतं. वीस जणांच्या घोळक्यात ज्याचा सूर वर्षभर खाली राहिला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, अशी मुलं मी पाहिली आहेत. नुसता समूहवर्ग चालवून विद्यालय पैसे वाचवत असेल तर त्यालाही माझा विरोध आहे. जपानमध्ये शिनिची सुझुकींनी लहान मुलांना व्हायोलिन शिकवण्याची जी पद्धत घडवली, तिच्यात दोन्हींचा मेळ आहे. मुलाचा स्वतंत्र पाठ असतो, त्याला दुसऱ्या मुलांचे पाठ बसून पाहायला मिळतात, आणि शिवाय सगळ्यांनी मिळून वाजवण्याचा वर्ग असतो. सगळ्यांकडे समान रचना असतात, त्यामुळे कालपरवा आलेलं मूलही मोठ्यांच्या घोळक्यात उभं राहून आपल्याला येतं तेवढं वाजवू शकतं. पालकांना हे समजावून सांगता येतं. एकदा त्यांना सभेत बसवा, फार बोलावं लागणार नाही.

बंद खोलीबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती मी दबक्या आवाजात बोलणार नाही. लहान मूल आणि मोठं माणूस आठवड्यामागून आठवडे एका बंद दारामागे बसतात, ही रचना कुठल्याही विद्यालयाने सहज स्वीकारू नये. दाराला काच असावी. आधीचा विद्यार्थी थोडा थांबावा, पुढचा थोडा लवकर यावा, पालकांना हवं तेव्हा आत डोकावता यावं. चांगल्या शिक्षकाला याचा कधीही त्रास होत नाही. एकमेकांना ओळखणारी मुलं एकमेकांवर लक्षही ठेवतात, आणि काही खटकलं तर घरी सांगण्याआधी बाकावरच्या मित्राला सांगतात.

ऑनलाइन वर्गांचंही बोलू. लांब राहणाऱ्यांना, आजारी माणसांना, घर सोडता न येणाऱ्यांना त्यांनी शिकण्याची वाट मोकळी करून दिली, आणि ती बंद होता कामा नये. फक्त त्यातून काय होत नाही ते लक्षात ठेवा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवरच्या साथीदाराचा आवाज पोहोचायला जवळपास 29 मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यानेही लय सांभाळणं जड जायला लागतं. व्हिडिओ कॉलमधला उशीर सहसा याच्या कितीतरी पट असतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत चौगुनीचा (मात्रेला चार बोल) एक बोल 125 मिलिसेकंदांत संपतो. तेवढा उशीर झाला तर अख्खा एक बोल मागे पडला. पडद्यावरून मिळून गाता येत नाही याला कारण हे आहे, शिक्षकाचा आळस नाही. पण पाळीपाळीने ऐकणं तिथेही होतं. चार विद्यार्थ्यांना एका वेळी बोलवा, एकाचं म्हणून होईपर्यंत बाकीच्यांनी आपला माइक बंद ठेवून सोबत गुणगुणावं, आणि जमेल तेव्हा सगळ्यांना एकदा प्रत्यक्ष एकत्र आणावं.

प्रौढ विद्यार्थ्यांना तुम्ही विसरू नये, असं मला वाटतं. नोकरी संपल्यावर हार्मोनियम शिकायला आलेला माणूस आणि शाळकरी मुलगी स्वरांच्या एकाच अलंकारावर अडखळतात, तेव्हा त्या खोलीत वयाचा मान बाजूला राहतो आणि दोघं खरोखरीचे वर्गमित्र होतात. अशी जागा समाजात फार थोडी उरली आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढांसाठीचे गायनाचे वर्ग आणि हस्तकलेचे, लेखनाचे वर्ग यांची त्यांनी सात महिने तुलना केली. अखेरीस सगळ्याच वर्गांतली माणसं जवळ आली होती. फरक सुरुवातीला होता : गाणाऱ्या अनोळखी माणसांत जवळीक फार लवकर झाली. जे विद्यालय नव्या विद्यार्थ्याला पहिले काही आठवडे एकट्या खोलीत बसवून ठेवतं, ते हे साधन हातातून घालवतं. गळती त्याच आठवड्यांत सगळ्यांत जास्त होते, हे तुमच्या हजेरीपटावर तुम्हीही पाहिलं असेल.

राहिला खर्चाचा प्रश्न. वैयक्तिक वर्गांमध्ये दहा-पंधरा मिनिटांची सरमिसळ ठेवायला जास्तीची खोली लागत नाही; दोन विद्यार्थी त्या वेळात एकत्र बसतील, एक ऐकेल, एक गाईल, नाहीतर दोघं मिळून स्वरांचे पलटे म्हणतील. सभेला महिन्यातून एक संध्याकाळ पुरे. पण त्या संध्याकाळचं मानधन शिक्षकांना द्या. आजवर हा तास 'प्रेमापोटी' म्हणून आमच्याकडून घेतला गेला, आणि जो तास हिशेबात नसतो तो पहिला कापला जातो. तबल्याच्या शिक्षकांना गायनवर्गात येण्याचे पैसे मिळाले तर ते येतील. ग्रंथपाल, शिपाई, हिशेब ठेवणाऱ्या बाई यांनाही सभेला बसायला सांगा. कुठलं मूल गेले तीन आठवडे गप्प गप्प आहे, हे शिक्षकांच्या आधी बरेचदा त्यांना ठाऊक असतं.

विद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांतले फार थोडे मंचावर जातील. बाकीचे ऐकणारे होतील, आणि त्यांच्याशिवाय मंचाला अर्थ नाही. नेमकी दाद कुठे द्यायची, कलाकार अडला तर शांत कसं राहायचं, आपल्या आवडीबाहेरचं गाणं शेवटपर्यंत कसं ऐकायचं, हे लोक कुठे शिकतात? सतरंजीवर, एकमेकांना ऐकत.

तेव्हा माझी विनंती अशी. येत्या सत्राचं वेळापत्रक कोरं असतानाच आठवड्यातला एक तास सगळ्यांसाठी आणि महिन्यातली एक संध्याकाळ सभेसाठी लिहून टाका. वरच्या वर्गातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना वेळापत्रकाच्या बैठकीत बोलवा. त्यांना काय हवंय ते ते नीट सांगतात. तुमच्याकडे हा प्रयोग करून तो सोडून दिला गेला असेल तर का सोडला तेही कळवा, त्यावर आम्ही शिक्षक मिळून विचार करू. आणि हा तास कुणी सांभाळायचा असा प्रश्न असेल, तर पहिलं वर्ष मी सांभाळायला तयार आहे. वार ठरवा आणि निरोप पाठवा.

आपली,
एक संगीतशिक्षिका